मेंदीखालचे ठिपके

लग्नानंतरचा माझा पहिला श्रावण. मंगळागौरीच्या आदल्या रात्री नणंदेने दोन्ही हातांवर मेंदी काढली. सकाळी ती खरवडून हाताला खोबरेल लावताना आत्यांनी माझा तळवा खिडकीच्या उजेडात धरला. नक्षीमध्ये जिथे कातडी कोरी राहिली होती तिथे मसुराच्या डाळीएवढे तांबूस ठिपके होते. "हल्ली कोनात काय काय घालतात कोण जाणे," आत्या म्हणाल्या. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

तळपायांना मेंदी लावली नव्हती. तिथेही तसेच ठिपके होते.

ते मी पाहिले होते, पण कुणाला बोलले नाही. खाजत नव्हतं, दुखत नव्हतं. अंगात बारीक कसकस असायची, केस जात होते. सासरचं पाणी मानवेपर्यंत असं होतंच, असं ऐकून होते. मेडिकलमधून एक मलम आणलं आणि आठ-दहा दिवस चोळलं. महिन्याभरात हात स्वच्छ झाले. त्या मलमाने गुण येतो असं मी आणखी दोघींना सांगितलं. याची मला आजही टोचणी आहे, कारण गुण मलमाचा नव्हताच. तो सिफिलिस होता. आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात, तोच.

हा आजार कसा चालतो ते मला दोन वर्षांनी कळलं. जंतू जिथून शिरला तिथे साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, एक जखम होते. बहुतेक वेळा ती एकच असते, कडा टणक असतात आणि दुखत नाही. जांघेत अवधाण येतं, तेही सहसा दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत जखम आपोआप भरून येते. बाईच्या बाबतीत ती योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या मुखावर असली तर दिसतच नाही. माझी कधी झाली आणि कधी गेली, मला पत्ताही लागला नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं आणि तळहात-तळपायांवर उमटणं ही त्याची मोठी खूण. तोंडात पांढुरके चट्टे येऊ शकतात, केसांचे पुंजके गळतात, घसा धरतो. औषध न घेताही हे सगळं मावळतं. मग वर्षानुवर्षं काहीच होत नाही, आणि जंतू मात्र शरीरात असतो. उपचार मिळालेच नाहीत तर पुढे काही जणांमध्ये तो हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचतो.

२०१७ साली मला दिवस गेले. नाव नोंदवायला उशीर झाला. तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही घरातली रीत, पुढे उन्हाळी सुट्टी. एका खासगी दवाखान्यात रक्त तपासलं, पण त्यात फक्त हिमोग्लोबिन आणि साखर होती. सहाव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. लोक म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणालं जड उचललं असेल. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की आता खात्रीने सांगता येणार नाही, पण उपचार न झालेल्या सिफिलिसमध्ये गर्भ असा दगावतो, मूल मृत जन्मतं किंवा आजार घेऊन जन्मतं. मला खात्री नकोच आहे. ती तपासणी तेव्हा झाली असती तर, एवढं मनात येतं आणि तिथेच थांबतं.

२०१८ साली पुन्हा दिवस गेले तेव्हा दुसऱ्या महिन्यातच सरकारी रुग्णालयात नाव घातलं. तिथे गरोदर बाईचं रक्त एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींसाठी तपासतात. चार दिवसांनी मला परत बोलावलं. समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं, कागद माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं: सिफिलिसची तपासणी, व्हीडीआरएल, रिॲक्टिव्ह, १:३२. पक्कं करण्यासाठी टीपीएचए ही दुसरी तपासणी केली, तीही तशीच आली. एचआयव्ही नव्हता.

ताईंनी विचारलं, "तळहातांवर कधी काही उठलं होतं का?"

मी मेंदीचं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झाले.

सासूबाई बाहेर बाकावर होत्या. तो कागद त्यांना मी दाखवला, कुणी दाखवायला लावलं नव्हतं. पहिला प्रश्न आला, "कुठून आणलंस?" हा प्रश्न मी एकटीने ऐकलेला नाही, ज्या बाईचा रिपोर्ट घरात पहिला येतो तिच्या वाट्याला तो येतोच. गरोदरपणात तपासणी बाईचीच होते, म्हणून कागदावर पहिलं नाव तिचं लागतं. आजार आधी कुणाला झाला, हे रक्ताच्या रिपोर्टवरून कळत नाही. ताईंनी सासूबाईंना आत बोलावून हे शांतपणे समजावलं. ताईंच्या उपकाराचं माझ्यावर ओझं आहे. पण तुम्ही माझ्यासारखं करू नका. रिपोर्ट कुणाला दाखवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. आधी जोडीदाराला एकट्याला गाठा, शक्यतो समुपदेशकांसमोर.

ह्यांचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला. त्या रात्री हे बोलले. लग्नाआधी तीनेक महिने, बाहेरगावी कामावर असताना, एकदाच संबंध आला होता. नंतर शिश्नावर एक जखम झाली. दुखत नव्हती म्हणून कुणाला दाखवली नाही. लाज होतीच. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' या कागदावरचा नंबरही लिहून घेतला होता, पण तोवर जखम भरली. मे महिन्यात, लग्नाच्या सुमारास, छाती-पाठीवर पुरळ होतं. ऐन उन्हाळा, घामोळं समजून पावडर लावली. हे मला फसवायला निघाले नव्हते. स्वतः बरे झालो असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि सगळा घात तिथेच झाला. मी किती दिवस बोलले नाही, ते इथे लिहीत नाही.

उपचार मात्र साधा आहे, जुना आहे आणि सरकारी दवाखान्यात मोफत आहे. बेंझाथिन पेनिसिलिन. आधी हातावर टोचून ॲलर्जी पाहिली. मग २४ लाख युनिट, निम्मं एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्यात. औषध दाट असतं, सुई जाड लागते, दोन दिवस बसवत नाही. संसर्ग अलीकडचा असेल तर एकच डोस पुरतो. आमचा जुना होता, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन. पहिल्या डोसच्या रात्री मला थंडी वाजून ताप आला. जंतू मरताना असं होतं, चोवीस तासांत उतरतं, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून धीर राहिला. गरोदर बाईने मात्र तेव्हा पोट आवळतंय का याकडे लक्ष ठेवायचं आणि आवळलं तर लगेच दवाखाना गाठायचा. ठरलेला वार चुकवू नका. गरोदरपणात अंतर वाढलं तर कोर्स पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. दोघांचे उपचार बरोबरच व्हायला हवेत. एकाचे राहिले तर आजार फिरून परत येतो.

नंतर व्हीडीआरएलचा आकडा उतरतोय का हे ठरावीक महिन्यांनी बघत राहायचं. माझा १:३२ वरून १:८ वर आला, मग १:२ वर. टीपीएचए बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते. आजार गेलेला नाही असा त्याचा अर्थ नाही. हे माहीत नसल्यामुळे बरे झालेले लोक पुन्हा पुन्हा घाबरतात.

आता तपासणीला जायचं कसं ते सांगते, कारण बहुतेकांचे पाय तिथेच अडतात. केसपेपरच्या खिडकीवर मागे रांग असते आणि आतला माणूस मोठ्याने विचारतो, "काय होतंय?" 'त्वचा विभाग' एवढंच सांगा. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली असते, ती याच आजारांसाठी आहे. आत गेल्यावर मात्र आडपडदा ठेवू नका: संबंध कधी आला, निरोध होता का, तोंडाने किंवा गुदमार्गाने होता का. डॉक्टरांना हे कळलं तरच तपासणी नेमकी होते. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीनेच होते आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा नंबर मोफत आहे.

एक गोष्ट घाईची आहे. निरोधाशिवाय धोक्याचा संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखायची औषधं तेवढ्याच वेळेत सुरू करता येतात, जितकी लवकर तितकं चांगलं. उलट दुसऱ्याच दिवशी केलेली रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्तात खूण दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून डॉक्टर पुन्हा बोलावतात तेव्हा जा.

संबंधातून येणारे आजार आणखीही आहेत. लघवीला जळजळ आणि पू आणणारा परमा बहुतेक पुरुषांना लवकर कळतो. बायकांमध्ये तो बरेचदा मुका राहतो. पाण्याने भरलेले, झोंबणारे आणि पुन्हा पुन्हा येणारे फोड नागिणीच्या जातीच्या विषाणूचे, हर्पिसचे असू शकतात. अंगावरून पांढरं जाणं प्रत्येक वेळी संसर्गाचं नसतं, पण वास, रंग, खाज किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर ते अंगावर काढू नका. आणि अँटिबायोटिकच्या चार गोळ्या मेडिकलमधून आणून खाऊ नका. लक्षण दबतं आणि नेमका आजार ओळखणं अवघड होतं.

आमची मुलगी २०१९ च्या सुरुवातीला झाली. माझ्या रक्तातली खूण तिच्या रक्तात उतरलेली होतीच, म्हणून तिचा आकडा माझ्या आकड्याशी ताडून पाहिला. सहाव्या महिन्यात तिची तपासणी निगेटिव्ह आली.

मागच्या वर्षी धाकट्या दिरांचं लग्न ठरलं. पत्रिका छापायला टाकायच्या आधी हे त्यांना जेवणानंतर गच्चीवर घेऊन गेले आणि जखमेपासून पहिल्या बाळापर्यंत सगळं सांगितलं. हे तोंडाने बोलण्याची त्यांची ती दुसरी वेळ. तासाभराने दोघे खाली आले. दीर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, केसपेपर किती वाजता मिळतो?"

मी म्हटलं, "साडेआठला. मी येते रांगेत."