स्टिरिओची जोडी जमवताना : नववीचं गणित घरात



नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ हे प्रकरण आहे. रोधांची एकसर आणि समांतर जोडणी आपण दरवर्षी शिकवतो. मुलं उदाहरणं सोडवतात, मार्कही मिळवतात. पण “सर, हे घरात कुठे लागतं?” असं कोणी विचारलं तर? माझ्याकडे याचं एक उत्तर आहे, आणि ते मला चांगलंच महागात पडलंय.

आमच्या घरी अण्णांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर होता. डावीकडे एक, उजवीकडे एक असे ८ ओहमचे दोन स्पीकर. घरी बारसं होतं, म्हणून मी शेजारून तसेच आणखी दोन स्पीकर आणले आणि दोन्ही बाजूंना एकेक जोडून दिला. आवाज मस्त वाढला. तासाभराने जळका वास आला आणि सगळं बंद! अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘किमान ८ ओहम’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. अण्णा एवढंच म्हणाले, “अरे, तू तर हेच शिकवतोस ना?”

नेमकं काय चुकलं?

८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण रोध होतो ४ ओहम. विभवांतर २० व्होल्ट धरा. ८ ओहमला धारा २.५ अँपिअर, तर ४ ओहमला ५ अँपिअर. म्हणजे शक्ती ५० वॅटवरून थेट १०० वॅट. स्पीकरला काही झालं नाही, पण एवढी धारा देण्याची ताकद अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नव्हती. तो तापला आणि गेला.

म्हणून नवी सिस्टीम घेताना किंवा जुन्याला नवं जोडताना ‘सगळ्यात मोठा आकडा कुठला’ हे बघू नका. ‘एकमेकांना जुळतं का’ हे बघा. त्यासाठी तीन आकडे पुरतात.

१. ओहम. स्पीकरचा आकडा अ‍ॅम्प्लिफायरने दिलेल्या किमान आकड्याइतका किंवा त्याहून जास्त हवा. ‘४ ते ८ ओहम’ लिहिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ६ ओहमचा स्पीकर चालतो. ‘किमान ८’ असेल तर ४ चा लावू नका.

२. वॅट. खोक्यावर ‘पीएमपीओ’चे हजारोंचे आकडे असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. ‘आरएमएस’ किती ते विचारा. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा. लहान अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला तर आवाजाच्या लहरींची टोकं कापली जातात, आवाज फाटतो, आणि अशा वेळी स्पीकरमधला बारीक आवाजाचा ट्वीटर जळू शकतो. त्यामुळे थोडी जास्तीची ताकद हाताशी असलेली बरी.

३. डेसिबल. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर स्पीकर किती आवाज देतो, हा तो आकडा. यात ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत दुपटीचा फरक. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ५० वॅट देऊन जेवढा आवाज येतो, तेवढाच ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटमध्ये देतो. साध्या हॉलसाठी एवढा हिशोब केला तरी विनाकारण महागडा अ‍ॅम्प्लिफायर घेणं टळतं.

जोडताना लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरची टोकं उलटी झाली तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, आणि तबल्याचा बायाँ पार पोकळ वाटायला लागतो. बिघडत काही नाही, पण मजा जाते.

वर्गात काय करता येईल?

मुलांना घरच्या किंवा ओळखीच्यांकडच्या स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचे आकडे वहीत उतरवून आणायला सांगा. मग कुठली जोडी जमेल, कुठली नाही, ते गटात ठरवू द्या. शाळेत एखादा सुटा, कशालाही न जोडलेला स्पीकर असेल तर मल्टीमीटरने त्याचा रोध मोजा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ते ७ येईल. मुलं म्हणतील, “सर, मीटर खराब आहे!” तेव्हा सांगा की मीटर दिष्ट धारेने मोजतो, गाणं मात्र प्रत्यावर्ती धारेचं असतं आणि तिला कॉइलचा विरोध जास्त होतो. एक काळजी घ्या : मुलांनी चालू अ‍ॅम्प्लिफायर उघडायचा नाही, आणि वायर जोडताना प्लग काढलेलाच हवा.

अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त झाला नाही. पण त्याची पाठ मी आता दरवर्षी वर्गात घेऊन जातो आणि सूत्र लिहिण्याआधी ती पट्टी मुलांकडून मोठ्याने वाचून घेतो. पालकहो, तुम्हीही पुढची खरेदी करायला जाल तेव्हा नववीतल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन जा. दुकानात आकडे त्यांनाच वाचू द्या.