वजनाचा कांटा कां थांबतो?



शास्त्राचा धडा पुस्तकांतूनच शिकावा असा कांहीं नियम नाहीं. पुष्कळ वेळां तो स्वतःच्या फजितींतून अधिक चांगला शिकतां येतो. गेल्या वर्षीं आमच्यावर असाच एक प्रसंग गुदरला. त्यांत आमच्या चुकीचा त्रास एका विद्यार्थ्याला व एका विद्यार्थिनीलाही सोसावा लागला. म्हणून ती हकीकत व तिच्यांतून मिळालेला धडा येथें नमूद करणें आम्हांस आपलें कर्तव्य वाटतें.

गेल्या जून महिन्यांत डॉक्टरांनीं आमची तपासणी केली. वजन ८४ किलो भरलें, आणि रक्तांतील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. वजन उतरवा, असा त्यांचा स्पष्ट हुकूम झाला व आम्हीं तो शिरसावंद्य मानला. शिक्षकांच्या खोलींतील बटाटेवडा सुटला, भात निम्म्यावर आला, आणि रोज पहांटे अर्धा तास झपझप चालणें सुरू झालें. चार महिन्यांत वजन ७८ किलोवर आलें. सहकाऱ्यांनीं अभिनंदन केलें, जुने सदरे सैल झाले, आणि आमच्या मनांत थोडा गर्वही शिरला, हें कबूल केलें पाहिजे. पण त्यानंतर कांटा जो अडला, तो सात आठवडे जागचा हलेना.

आम्हांस वाटलें, आपलाच निश्चय कोठें तरी ढिला पडला असावा. म्हणून रात्रीचें जेवण सोडलें. मग डोकें दुखूं लागलें, झोंप मोडूं लागली आणि स्वभाव चिडखोर झाला. एके दिवशीं वही घरीं विसरलेल्या एका मुलाला आम्ही सर्व वर्गादेखत नको तें बोललों. दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गापुढें आम्हीं त्याची क्षमा मागितली. त्या दिवशीं मधल्या सुट्टींत इयत्ता नववीची एक मुलगी आमच्याकडे आली व मान खालीं घालून म्हणाली, "सर, वजन कमी करायचें तर मन घट्ट करून जेवण सोडावें लागतें, असें तुम्ही वर्गांत म्हणालां होतां. मींही दोन आठवडे डबा खाल्ला नाहीं. पण आतां मला चक्कर येते." हे शब्द ऐकून आम्ही चरकलों. आपण विचार न करतां टाकलेला शब्द मुलें किती मनावर घेतात, हें त्या दिवशीं कळलें. तिला आम्हीं तिथेंच डबा खावयास लावलें, तिच्या आईस बोलावून सर्व सांगितलें, आणि हा कांटा मुळांत कां अडतो, हें नीट समजून घेण्याचें ठरविलें.

प्रथम, शरीरांतून गेलेलें वजन जातें कोठें? इटलींतील सांतोरियो नांवाच्या वैद्यानें तराजूला टांगलेल्या खुर्चींत बसून सुमारें तीस वर्षें आपल्या अन्नाचा, मलमूत्राचा व वजनाचा हिशेब ठेवला आणि १६१४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाल्लेल्या-प्यालेल्याचा मोठा भाग डोळ्यांस न दिसतां निघून जातो, असें त्याला आढळलें. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील लाव्हाझिए यानें श्वसन हें एक प्रकारचें मंद ज्वलनच होय, असें दाखवून दिलें. आज तो हिशेब असा मांडतात: शरीरांतील १० किलो चरबी पूर्णपणें जळली, तर सुमारें ८.४ किलो वस्तु कार्बन डायऑक्साइडच्या रूपानें श्वासावाटे बाहेर पडते व उरलेल्या १.६ किलोचें पाणी होतें. म्हणजे घाम गाळल्यानें चरबी वितळते ही समजूत खरी नव्हे. घामानें जातें तें पाणी, आणि तें पुढच्या तांब्याबरोबर परत येतें.

आरंभीच्या दिवसांत वजन भराभर उतरतें, त्याचेंही कारण पाणीच. आपल्या यकृतांत व स्नायूंत ग्लायकोजेन नांवाचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी सांठलेलें असतें. आहार कमी होतांच हा साठा आधीं खर्ची पडतो व त्याच्याबरोबर पाणीही जातें. पहिल्या पंधरवड्यांतील ही घट चरबीचीच आहे असें समजून जो पुढील हिशेब बांधतो, त्याची निराशा ठरलेलीच.

आतां गणिताकडे वळूं. येथें कॅलरी म्हणजे आहारशास्त्रांतील मोठी कॅलरी. एक किलो पाण्याचें तपमान एक अंश सेल्सियसनें वाढविण्यास लागणारी उष्णता. मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनीं १९५८ सालीं असा हिशेब मांडला कीं, एक पौंड, म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅम वजन घटण्यास ३५०० कॅलरींची तूट पडावी लागते. यावरून पुष्कळांनीं सोपा नियम बसविला: रोज ५०० कॅलरी कमी खा, म्हणजे दर आठवड्यास एक पौंड उतरेल. हा नियम अखेरपर्यंत ताणून पाहा. वर्षाचे ५२ पौंड, म्हणजे सुमारें साडेतेवीस किलो. त्या दरानें आमच्यासारखा ८४ किलोंचा मनुष्य साडेतीन वर्षांच्या सुमारास शून्य किलोचा व्हावयास पाहिजे! उत्तर असें हास्यास्पद आलें, म्हणजे उदाहरण मांडतांनाच चूक झाली, हें तुम्हीही ओळखाल.

चूक ही कीं, शरीराचा खर्च स्थिर धरला गेला. सहा किलो पिठाची पिशवी खांद्यावर घेऊन जिना चढा, आणि मग ती खालीं ठेवून चढा. श्रमांतील फरक लगेच कळेल. वजन घटलें म्हणजे तसाच बोजा उतरतो, आणि चालण्यास, उठण्यास, किंबहुना स्वस्थ पडून राहण्यासही पूर्वींपेक्षां कमी उष्णता पुरते. शिवाय शरीर आणखी काटकसर करतें. अमेरिकेंतील लायबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं, ज्यांचें वजन शेंकडा १० नें घटविलें, त्यांचा रोजचा खर्च केवळ देह लहान झाल्यामुळें जितका उतरावा त्याहूनही अधिक उतरला होता. घरांतील मिळकत घटली म्हणजे शहाणी गृहिणी दिव्याची वातही खालीं करते, तद्वत् हें आहे.

यापेक्षांही मोठें कारण भूक हें होय. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नांवाचें द्रव्य रक्तांत जातें व घरांत सांठा किती आहे याची वर्दी मेंदूस देतें. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनें त्याचें जनुक १९९४ सालीं शोधून काढलें. चरबी घटली कीं ही वर्दी क्षीण होते आणि मेंदू भुकेची हांक वाढवितो. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणें, घटलेल्या प्रत्येक किलोमागें शरीराचा रोजचा खर्च सुमारें २० ते ३० कॅलरींनीं उतरतो, परंतु भूक मात्र सुमारें १०० कॅलरींनीं वाढते. आमच्या सहा किलोंचा हिशेब करा: खर्च सुमारें दीडशें कॅलरींनीं कमी, आणि भूक सहाशेंनीं अधिक. कांटा अडला तो निश्चय मेला म्हणून नव्हे. जमा व खर्च यांची तोंडमिळवणी झाली म्हणून.

अशा वेळीं उपासमार केली तर काय होतें, याचा प्रयोग पूर्वींच होऊन गेला आहे. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं, युद्धांत शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीमुळें नकार दिलेल्या ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्ध्या अन्नावर ठेविलें. युद्धानें उपाशी झालेल्या लोकांना पुनः सशक्त कसें करावें, हें त्यांना शोधावयाचें होतें. त्या तरुणांचें वजन सुमारें एक चतुर्थांशानें घटलें, आणि विश्रांतीच्या वेळचा शरीराचा खर्च शेंकडा ४० च्या आसपास खालीं आला. ते थंडीनें कुडकुडत, ताटल्या चाटीत, पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसत, आणि क्षुल्लक गोष्टींवरून चिडत. हें वाचतांना आम्हांस त्या वही विसरलेल्या मुलाचें तोंड आठवलें.

पण आमच्या हिशेबांत दुसरीही एक चूक निघाली. १९९२ सालीं न्यूयॉर्क येथें अशा दहा व्यक्तींची तपासणी झाली, कीं ज्या १२०० कॅलरींहून कमी खाऊनही आपलें वजन उतरत नाहीं असें सांगत होत्या. त्यांच्या शरीराचा खर्च मोजला, तो यथायोग्य होता. मात्र त्यांनीं खाण्याचा अंदाज सरासरी शेंकडा ४७ नें कमी व हालचालीचा शेंकडा ५१ नें अधिक सांगितला होता. त्यांनीं हें जाणूनबुजून केलें असें मानण्याचें कारण नाहीं; मनुष्याची आठवण त्याच्या इच्छेकडे झुकते, इतकेंच. आम्हींही एक आठवडा प्रत्येक घांस वहींत टिपला. फोडणीचें तेल पत्नीनें पळीऐवजीं चमच्यानें मोजलें. पोह्यांच्या मोठ्या एका चमच्यांत सुमारें १२० कॅलरी! शिक्षकांच्या खोलींतील चार कप चहांत प्रत्येकीं दोन लहान चमचे साखर, म्हणजे आणखी तितक्याच. मूठभर शेंगदाणे सुमारें १७० कॅलरींचे. आणि नाताळच्या फराळाच्या डब्यांतील करंज्या तर आम्हीं हिशेबांत धरल्याच नव्हत्या. उलट पहांटेचें अर्ध्या तासाचें चालणें स्वस्थ बसण्यापेक्षां शंभर कॅलरींच्या आसपासच अधिक खर्च करवितें. एक चमचा तेल तें सर्व परत घेतें.

मग उपाय कोणता? पहिला उपाय म्हणजे धीर. मीठ, पाणी व पोटांतील अन्न यांमुळें वजन रोज किलोभर मागेंपुढें होतेंच. म्हणून आठवड्यांतून एकदां, सकाळीं, एकाच काट्यावर वजन करावें आणि चार आठवड्यांचे आंकडे एकत्र पाहावे. त्याबरोबर कंबर फितीनें मोजावी, कारण कांटा स्थिर असूनही कंबर उतरूं शकते. आपल्या देशांतील पुरुषांनीं ती ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांनीं ८० च्या आंत राखावी असें वैद्य सांगतात. दुसरा उपाय म्हणजे हिशेब नव्यानें मांडणें. ८४ किलोंच्या शरीरासाठीं ठरविलेला आहार ७८ किलोंच्या शरीराला तूट पाडीलच असें नाहीं. तिसरा, उसळ, वरण, दहीं, अंडीं, मासळी असे प्रथिनयुक्त पदार्थ पानांत पुरेसे ठेवून दंड-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम करणें, म्हणजे चरबीबरोबर स्नायू झिजत नाहींत. चौथा, पुरेशी झोंप. आणि इतकें करूनही उलगडा न झाल्यास डॉक्टरांकडे जावें. थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा व कांहीं औषधें यांमुळेंही वजन अडून राहतें. जेवण मात्र सोडूं नये.

कांटा थांबला म्हणजे श्रम फुकट गेले असेंही नव्हे. आपल्या देशांत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवर डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला एक अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं आहार व व्यायाम सुधारला, त्यांच्यांतील मधुमेहाचें प्रमाण तीन वर्षांत तुलनेनें शेंकडा २८.५ नें कमी राहिलें. आणि विशेष हें कीं त्यांचें वजन फारसें घटलेंही नव्हतें. म्हणजे कांटा गप्प असतांही आंत काम चालूंच असतें. आमचें वजन आज ७७ किलो आहे, अवघा एक किलो कमी; पण रात्रीं आम्ही भाकरी, वरण व भाजी पोटभर खातों, आणि रक्तांतील साखर उंबरठ्यावरून मागें हटली आहे.

शेवटीं तुम्हां विद्यार्थ्यांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. वर सांगितलेला हिशेब प्रौढांचा आहे, तुमचा नव्हे. तुमचीं हाडें, स्नायू व रक्त अद्याप घडत आहेत. त्यांना लागणारें अन्न काटणें म्हणजे पाया भरतांना दगड चोरणें होय. तुमच्यापैकीं कोणास आपल्या वजनाची चिंता वाटत असेल, तर मनांत कुढत बसूं नका व डबा तर मुळींच चुकवूं नका. आई-वडिलांस सांगा, डॉक्टरांस विचारा, आमच्याकडे या. ती विद्यार्थिनी आतां मैत्रिणींबरोबर डबा खाते, व तिला चक्कर येत नाहीं. 'जेवण सोडावें लागतें' हें वर्गांत काढलेलें आमचें वाक्य चुकीचें होतें. ज्यांनीं ज्यांनीं तें ऐकलें असेल, त्यांनीं तें आपल्या वहींतून खोडून टाकावें, अशी आमची विनंती आहे.