एफ्राथच्या वाटेवरची बाळंतीण
अभ्यासपाठ
शास्त्रवाचन : उत्पत्ती 35:16–20, मार्क 2:1–5



राहेलीच्या मरणाची हकिकत पवित्र शास्त्रात अवघ्या पाच वचनांत येते. याकोबाचे कुटुंब बेथेलहून निघाले होते. एफ्राथ, म्हणजेच बेथलेहेम, अजून थोडे दूर होते. तेवढ्यात राहेलीला कळा सुरू झाल्या आणि बाळंतपण अवघड गेले. सुईण जवळच होती. तिने धीर दिला, मुलगा होतो आहे असे सांगितले. तिचा शब्द खरा ठरला. मुलगा झाला, पण आई गेली. तिला वाटेवरच पुरले आणि याकोबाने तिच्या कबरेवर स्तंभ उभा केला.

हा भाग आपण बहुधा बन्यामीनाच्या जन्मासाठी वाचतो. आज तो राहेलीसाठी वाचू. तिच्याजवळ जीव लावणारा नवरा होता. अनुभवी सुईण होती. दुसऱ्या मुलासाठी तिने मागणे केले होते (उत्पत्ती 30:24) आणि ते पूर्णही होत होते. धीर द्यायला माणसे होती. जीव वाचवील असा उपाय मात्र त्या काळी कोणाच्याच हाती नव्हता. आज तो उपाय आहे. तरीही आपल्या भागातली एखादी राहेल वाटेतच राहते, ती का, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

माझी कबुली

धर्मशिक्षणाचा डिप्लोमा करून मी नुकतीच या कामात आले होते. 108 ची गाडी तेव्हा सुरू झालेली नव्हती. पावसाळ्यात एका वाडीवर संध्याकाळची प्रार्थना चालू असताना निरोप आला की शेजारच्या घरात बाळंतपण झाले आहे, पण रक्त थांबत नाही. आम्ही सगळे धावलो. मी त्या बाळंतिणीचा हात धरून प्रार्थना सुरू केली. सासू म्हणाली, "ताई, आमच्या सगळ्यांची बाळंतपणं याच घरात झाली. थांबंल रक्त." मलाही तसेच वाटले, कारण मला तसे वाटून घ्यायचे होते. तास सव्वा तास गेला. मग कोणीतरी जीप आणायला पळाले. पैशांची जुळवाजुळव झाली आणि आम्ही निघालो. तालुक्याचे गाव दिसू लागले तेव्हा तिचा हात माझ्या हातात गार पडला होता.

प्रार्थना केली याचा मला पस्तावा नाही. गाडी आणायला सांगून मग प्रार्थना केली नाही, याचा आहे. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव उपचाराविना सुमारे दोन तासांतही जीव घेऊ शकतो, हे मला नंतर कळले. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ माझ्यासमोर गेला.

तीन उशीर

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी 1994 मध्ये एक सोपी मांडणी केली. बाळंतीण दगावते तेव्हा बहुधा तीनपैकी एखादा उशीर झालेला असतो, कधी तिन्ही.

पहिला उशीर ठरवण्याचा. दवाखान्यात न्यायचे की नाही, हे बाळंतीण स्वतः ठरवत नाही. नवरा आणि सासू ठरवतात. त्यांना दगडाच्या काळजाचे समजू नका. शेळ्या कोण बघणार, मोठी लेकरे कोणाकडे ठेवायची, मजुरी बुडाली तर उद्या चूल कशी पेटणार, असे त्यांचे प्रश्न असतात. त्यात धोक्याच्या खुणाही माहीत नसतात. त्या सर्वांनी पाठ कराव्यात: अंगावरून रक्त जाणे, झटके येणे, तोंडावर-हातावर सूज, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, ताप, कळांआधीच पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, बारा तासांहून अधिक कळा, वार न पडणे. यातली एक खूण दिसली तरी थांबायचे नाही.

दुसरा उशीर पोहोचण्याचा. औंढा आणि कळमनुरी भागातल्या आंध समाजाच्या वाड्यांना पावसाळ्यात ओढे अडवतात. 2022 च्या जुलैत तर आमच्या कुरुंद्यातच पुराचे पाणी घरांत शिरले होते. वाडी-वस्तीवर काय होत असेल ते समजून घ्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली गरोदर बाई तर आपली आशाताई आणि नर्सबाई मागे ठेवून जाते. पुष्कळदा तिचे माता-बाल संरक्षण कार्डही घरच्या पेटीतच राहते.

तिसरा उशीर दवाखान्याच्या दारानंतरचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे बाळंतपण होते. सिझेरियन किंवा रक्त लागले तर पुढे मोठ्या रुग्णालयात जावे लागते. कुरुंद्याकडच्या माणसाला म्हणजे वसमत, आणि तिथूनही पुढे हिंगोली नाही तर नांदेड. प्रत्येक ठिकाणी नवा कागद, नवी खिडकी. अडाणी नवरा तिथे हात जोडून उभा राहतो आणि वेळ जात राहतो.

हक्क काय आहे

1 जून 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. त्यानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी न्यायची गाडीही मोफत आहे. 108 ची सेवा राज्यात 2014 पासून आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची तपासणी होते. लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्या असतात. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे आणि अशा बाईला थोडा रक्तस्रावही सोसत नाही.

महाराष्ट्राने या कामात मोठी मजल मारली आहे. 2004–06 मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत. 2018–20 मध्ये हा आकडा 33 वर आला. देवाचे आभार मानू. पण राज्याच्या सरासरीत आमच्या वाड्या दिसत नाहीत. शिवाय गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी राज्याची अमृत आहार योजना अनुसूचित क्षेत्रासाठी आहे. हिंगोली जिल्हा त्या क्षेत्राच्या यादीत नाही. म्हणजे शेजारच्या नांदेडमध्ये किनवटच्या आदिवासी मातेला जे मिळते, ते कळमनुरीच्या आदिवासी मातेला त्या योजनेतून मिळत नाही.

जामखेडचा धडा

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला शिकून 1970 मध्ये जामखेडला आले. नुसता दवाखाना उघडून गरिबाघरची बाई तिथे पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी गावोगावच्या बायकांनाच शिकवले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. गरोदर बाईला तपासणे, स्वच्छ बाळंतपण करणे आणि धोका दिसताच वेळेत पुढे पाठवणे त्या शिकल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण खरी साक्ष त्या गावकरी बायकांची आहे. राहेलीच्या सुईणीकडे धीराचा शब्द होता. जामखेडच्या बाईकडे धीराचा शब्द होता आणि पुढे कुठे न्यायचे हेही ठाऊक होते.

चौघांची बाज

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला उचलून आणतात. दारात गर्दी आहे म्हणून परत फिरत नाहीत, छप्पर उघडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तिथे म्हटले आहे. तो विश्वास खांद्यावर बाज घेतलेला होता. आपल्या मंडळीतही असे चौघे उभे राहू शकतात:

1. एक जण गाडीचा. 108 ला फोन करील आणि ती येईना तर कोणाची जीप मिळेल हे आधीच ठरवून ठेवील.
2. एक जण रक्ताचा. तरुण संघातील रक्तदात्यांची गटवार यादी ठेवील.
3. एक जण सोबतीचा. दवाखान्यात बरोबर राहील, कागद भरील, मोफत काय आहे ते नम्रपणे सांगेल.
4. एक जण घरचा. मागे राहिलेली लेकरे, शेळ्या आणि चूल सांभाळील.

ही मदत त्या घरात प्रार्थना होते की नाही हे विचारून द्यायची नसते. बाज उचलणाऱ्यांनाही असे काही विचारल्याचे शास्त्रात नाही.

चर्चेसाठी प्रश्न

1. राहेलीच्या हकिकतीत तिला धीर कोणी दिला? आपण धीर देऊनच थांबलो, असे कधी झाले आहे का?
2. आपल्या गावात किंवा वस्तीत आज किती गरोदर माता आहेत? त्यांतली कोणाची तारीख पावसाळ्यात किंवा ऊसतोडीच्या दिवसांत येते?
3. आपल्या मंडळीत वरचे चौघे कोण होतील? आजच नावे लिहा.

प्रार्थना विषय

आशाताई, नर्सबाई आणि रात्री गाडी चालवणाऱ्या चालकांसाठी. ऊसतोडीला गेलेल्या गरोदर भगिनींसाठी. आईवाचून वाढणाऱ्या लेकरांसाठी. आणि आपल्यासाठी, की प्रार्थनेला बसण्याआधी गाडीला फोन करण्याची बुद्धी प्रभूने आपल्याला द्यावी. आमेन.