शुगर आहे? मग वर्षावासाआधी फ्लूची लस मागून घ्या

बाबासाहेबांना मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्यामुळे औषध, पथ्य आणि इन्सुलिनची सुई घरातच सांभाळली जाई. आज आपल्या वस्तीत शुगर नसलेले घर शोधावे लागते, पण प्रत्येक घरात डॉक्टर नाही. म्हणून काही गोष्टी आपल्यालाच माहीत असायला हव्यात. त्यातली एक म्हणजे फ्लूची लस.

शुगर आणि फ्लू

फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे. एकदम चढणारा ताप, अंग मोडून येणे, कोरडा खोकला ही त्याची लक्षणे. धडधाकट माणूस आठवडाभरात उठतो. मधुमेहात मात्र जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमकुवत झालेल्या असतात. ताप आला की शुगर वाढते आणि वाढलेली शुगर आजार लांबवते. त्यातून न्यूमोनिया होऊन भरती होण्याची वेळ येते. म्हणूनच मधुमेह असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने दरवर्षी ही लस घ्यावी असे डॉक्टर सांगतात.

आजार आपला, लस कोणाची?

मधुमेह हा आता श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरांत सधनांपेक्षा गरिबांमध्ये मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळले. पण लस? २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील लोकांपैकी जेमतेम दीड टक्का लोकांनी फ्लूची लस घेतलेली होती. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती मोठ्या माणसांसाठी नाही. खासगीत दीड-दोन हजार रुपये मोजावे लागतात, म्हणजे बिगारी कामगाराची तीन-चार दिवसांची मजुरी.

अडचण फक्त पैशांची असती तर अमेरिकेत ही दरी दिसली नसती. तिथे विमा असलेल्या बहुतेकांना लस फुकट मिळते. तरीही २०२१-२२ च्या हंगामात गोऱ्या प्रौढांपैकी ५४ टक्क्यांनी लस घेतली, तर कृष्णवर्णीयांपैकी ४२ टक्क्यांनीच. ज्यांच्या पँथर चळवळीवरून आपल्या दलित पँथरने नाव घेतले, तेच हे लोक. दवाखाना दूर, सुट्टी नाही, डॉक्टर धड बोलत नाहीत, जुन्या अन्यायामुळे विश्वास उडालेला, ही कारणे आपल्यालाही ओळखीची वाटतील. ज्याला कोणी सांगत नाही, त्याला लस मिळत नाही.

मनातल्या शंका

*लसीने फ्लू होतो का?* नाही. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. एक-दोन दिवस दंड दुखेल, थोडी कणकण येईल.

*घेऊनही फ्लू झाला तर?* होऊ शकतो, पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो.

*एकदा घेतली की झाले ना?* नाही. विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही बदलते. ती दरवर्षी घ्यावी लागते.

*नाकात फवारायची लस चालेल का?* मधुमेह असलेल्यांनी इंजेक्शनच घ्यावे.

*कोणी थांबावे?* जोराचा ताप असेल तर बरे झाल्यावर घ्या. आधी याच लसीने जोराची अॅलर्जी झाली असेल तर डॉक्टरांना सांगा.

केव्हा आणि कुठे?

आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो आणि लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. म्हणून बुद्ध पौर्णिमा ते आषाढ पौर्णिमा हा काळ लक्षात ठेवा. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बसाल, तोवर लस घेऊन झालेली असावी.

स्वाइन फ्लूच्या साथींनंतर राज्य शासनाने मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि गरोदर महिलांना मोफत लस देण्याची सोय केली. मात्र साठा मर्यादित असतो. म्हणून पालिकेच्या दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयात शुगरच्या गोळ्या आणायला जाल, तेव्हा "मला मधुमेह आहे, फ्लूची लस कधी मिळेल?" असे स्पष्ट विचारा. आशाताईंनाही विचारा. एकट्याला "संपली" म्हणून परत पाठवतात. तेव्हा बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमातच महिला मंडळाने वस्तीतल्या शुगरच्या रुग्णांची यादी करावी. ती अर्जासोबत आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. विहारात लसीकरण शिबिर घेण्याची मागणीही त्याच अर्जात करावी.

ताप आलाच तर

इन्सुलिन मनाने बंद करू नका. शुगर तपासा, पाणी पीत राहा. उलट्या-जुलाब होत असतील तर कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या हे डॉक्टरांना विचारा. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते, म्हणून अंगावर काढू नका. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा.

फुकट मिळणारी लस ही मेहेरबानी नाही. ती आपण मागायची आणि शेजारच्या आजीलाही मिळवून द्यायची.

जय भीम.