दुर्बिणीची नजर कुठवर पोहोचते?

“सर, या दुर्बिणीतून किती लांबचे दिसते?” आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास विचारला जातो. विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न सोपा आहे. पण त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. का, ते पाहू.

आधी नुसत्या डोळ्यांचा विचार करू. नोव्हेंबर-डिसेंबरमधील एखाद्या अंधाऱ्या रात्री गावातील दिव्यांपासून दूर जा. देवयानी तारकासमूहात एक पुसट, धुरकट ठिपका दिसेल. ती देवयानी दीर्घिका. तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. वर्षभरात तो सुमारे ९.५ लाख कोटी किलोमीटर कापतो. हेच एक प्रकाशवर्ष. म्हणजे आपली नजर दुर्बिणीशिवायही एवढी लांब पोहोचते! मग दुर्बीण काय करते?

प्रकाशाची परात

पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली, तर परातीत जास्त पाणी जमते. दुर्बीण ही प्रकाशाची परात आहे. अंधारात आपल्या डोळ्याच्या बाहुलीचा व्यास सुमारे ७ मिलिमीटर होतो. दुर्बिणीचे भिंग ७० मिलिमीटर व्यासाचे असेल, तर व्यास १० पट, म्हणून क्षेत्रफळ १०० पट, आणि गोळा होणारा प्रकाशही १०० पट. आता, तारा दुप्पट लांब नेला तर त्याचा प्रकाश एक-चतुर्थांश होतो. १० पट लांब नेला तर एक-शतांश. म्हणून नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा १० पट लांब असता, तरी या दुर्बिणीतून दिसला असता. १९४८ साली अमेरिकेत पालोमार येथे सुरू झालेल्या दुर्बिणीचा आरसा तर सुमारे ५ मीटर व्यासाचा आहे.

शिवाय डोळा प्रकाश साठवू शकत नाही. छायाचित्रणाची काच किंवा आजचे इलेक्ट्रॉनिक शोधक तासन्‌तास प्रकाश साठवतात.

मग आरसा मोठा करत गेलो की हवे तेवढे लांब पाहता येईल? नाही. वाटेत दोन अडचणी आहेत.

ताणलेला प्रकाश

विश्व प्रसरण पावत आहे. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत येईतो त्याची तरंगलांबी ताणली जाते. याला ताम्रसृती म्हणतात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या आणि २०२४ साली जाहीर झालेल्या एका दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे १५ पट ताणली गेली आहे. हायड्रोजनचा ०.१२ मायक्रॉनचा अतिनील प्रकाश तेथून निघाला, तो येथे पोहोचेतो सुमारे १.८ मायक्रॉनचा झाला. आपल्या डोळ्याला साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनपर्यंतचाच प्रकाश दिसतो. तेव्हा आरसा कितीही मोठा असला, तरी तो प्रकाश डोळ्याला दिसणार नाही. तो अवरक्त झाला आहे. गरम दुर्बीण स्वतःच अवरक्त किरण फेकते. म्हणून २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेली ही ६.५ मीटरची दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याकडे पडदा धरून, अतिथंड ठेवली आहे.

रेडिओ लहरींचेही तसेच. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर ताणून सुमारे ४८ सेंटिमीटरची झालेली पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने टिपली. हा शोध २०२३ साली जाहीर झाला. ती लहर सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. वाटेतील एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले, म्हणूनच ती हाती लागली.

काळाचा पडदा

लांब पाहणे म्हणजे जुने पाहणे. देवयानीचा आज दिसणारा प्रकाश निघाला, तेव्हा आफ्रिकेत मानवाचे पूर्वज दगडी हत्यारे वापरत होते. वेबने पाहिलेल्या त्या दीर्घिकेचा प्रकाश सुमारे १३५० कोटी वर्षे प्रवास करत होता. तेवढ्या काळात अवकाश ताणले गेल्यामुळे ती आज सुमारे ३४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे ते इतके तप्त होते की मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊच देत नसत. धुक्यात दिव्याचा प्रकाश विखुरतो तसेच. पुढे अणू बनले आणि धुके विरले. त्या वेळी सुटलेला प्रकाश सुमारे ११०० पट ताणून आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. पेंझियस आणि विल्सन यांनी १९६५ साली तो शोध जाहीर केला. या पडद्यापलीकडचे कोणत्याही प्रकाशाने दिसणार नाही. तेथे आरशाचा आकार उपयोगी नाही. गुरुत्वीय लहरींना मात्र ते धुके अडवत नाही. त्यांच्या साहाय्याने कधीतरी पलीकडे डोकावता येईल, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाला उत्तर देताना तीन उलट प्रश्न विचारा : वस्तू किती तेजस्वी आहे? तिचा प्रकाश किती ताणला गेला आहे? आणि तो निघाला तेव्हा विश्व पारदर्शक होते का?

करून पाहा : तुमच्या शाळेतील दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा व त्याला ७ ने भागा. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा किती पट लांब असता तरी दिसला असता, ते कळेल.