मुखदुर्गंधी आणि तोंडातील सूक्ष्मजंतू

कुंभकोणमच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर, कावेरीकाठी, तिरुवलंचुळी हे गाव आहे. तेथील श्वेतविनायकाच्या मूर्तीवर पाण्याचा अभिषेक करीत नाहीत. तिला भीमसेनी कापराची पूड लावतात. हाच कापूर लवंग-वेलदोड्यांसह विड्यातही पडतो, आणि विड्याच्या पानांसाठी तर हा सारा मुलूख विख्यात आहे. एके काळी तंजावरच्या मराठी राज्यात मोडणाऱ्या या प्रदेशातील 'कुंभकोणम वेट्रिलै' या पानास २०२५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जेवणानंतर विडा घेतला की तोंडास सुवास येतो. परंतु सुवास आला म्हणजे दुर्गंध नाहीसा झाला काय? याचे उत्तर देण्यापूर्वी दुर्गंध उत्पन्न कसा होतो, हे पाहिले पाहिजे.

पोट बिघडल्यामुळे तोंडास घाण येते, असा सार्वत्रिक समज आहे. तो क्वचितच खरा ठरतो. लसणीचा वास रक्तावाटे फुप्फुसांत पोचून श्वासाबरोबर बाहेर पडतो, हे खरे. पण नेहमीच्या मुखदुर्गंधीचा उगम बहुधा तोंडातच असतो.

दातांवरचे पांढरे कीटण पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यात असंख्य जीव वळवळताना दिसतात, असे हॉलंडातील लेव्हेनहूक याने १६८३ साली लिहून कळविले. मानवी मुखात सूक्ष्मजंतूंच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत. त्यांपैकी काहींना प्राणवायू मानवत नाही. जिभेच्या मागील भागावरील बारीक खाचा आणि दात व हिरड्या यांमधील फटी ही त्यांची आवडती ठाणी होत. अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी आणि लाळ यांतील प्रथिनांचे ते विघटन करतात. सिस्टीन व मेथिओनीन या ॲमिनो अम्लांत गंधक असतो. त्यांपासून हायड्रोजन सल्फाइड व मेथिल मरकॅप्टन हे वायू निर्माण होतात. पहिल्यास सडक्या अंड्याचा वास येतो, तर दुसऱ्यास कुजक्या कोबीचा. अशा वायूंचे प्रमाण अत्यल्प असले तरी नाकास ते तत्काळ कळते.

लाळ ही या जंतूंना आवर घालते. ती तोंड सतत धुऊन काढते आणि सोबत प्राणवायूही आणते. झोपेत तिचा प्रवाह जवळजवळ थांबतो. म्हणूनच सकाळी उठल्यावर निरोगी माणसाच्याही तोंडास वास येतो. निर्जळी उपवासाच्या दिवशी हाच अनुभव येतो. स्वच्छ फडक्याने जिभेचे टोक पुसून त्याचा वास घ्यावा आणि मग दुसऱ्या फडक्याने जिभेची मागील बाजू हलकेच पुसून पाहावी. फरक कोणाच्याही ध्यानात येईल.

आता विड्याकडे वळू. पानातील सुगंधी तेले प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतात, यात शंका नाही. परंतु मुखात जंतूंचा थर चिवट असतो आणि पानाचा रस तेथे फार वेळ टिकत नाही. परिणामी दुर्गंध झाकला जातो, त्याचे कारण तसेच राहते. हे झाकणे निरुपद्रवीही नाही. हिरड्यांच्या विकाराची ही सूचना असू शकते. सुवासामुळे ती ऐकूच येत नाही, आणि आतल्या आत दाताचा आधार झिजत जातो. शिवाय विड्यात सुपारी असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी, आणि तंबाखू नसलेला सुपारीचा विडासुद्धा, कर्करोगकारक ठरविला आहे. एकटे पान बिचारे त्यात नाही!

जिभेच्या मुळाशी साचणारा मळ दुर्गंध आणतो, म्हणून जीभ खरवडावी, असे चरकसंहितेत सांगितले आहे. त्यासाठी सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांची, बोथट व वाकडी पट्टी सुचविली आहे. जंतूंची कल्पनाही नसताना केलेले हे निरीक्षण अचूक आहे. पट्टी मागून पुढे, जोर न लावता ओढावी. हिरड्यांच्या फटींत मात्र ती पोचत नाही. तेथे साचून दगडासारखे झालेले कीटण दंतवैद्यालाच काढावे लागते.