रोगाच्या पाऊलखुणा

मुलांनो, चोर पळून गेला की पोलीस त्याच्या पाऊलखुणा शोधतात. शहरात पसरणाऱ्या रोगाचाही असा माग काढता येतो. पण जो हवेतून जातो, त्याच्या पाऊलखुणा कुठे शोधायच्या?

क्षयरोग म्हणजे टीबी. तो एका जंतूमुळे होतो. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे हा शोध जाहीर केला. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला की जंतू हवेत जातात. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या शरीरात शिरतात. एका ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने हा रोग होत नाही.

समजा, जरीकामाचा एक कारखाना आहे. दहा कारागीर लाकडी अड्ड्यांभोवती बसून काम करतात आणि रात्री तिथेच झोपतात. खिडकी एकच, तीही बंद. त्यांतला एक जण तीन महिने खोकतो आहे. काम जाईल या भीतीने तो गप्प आहे. त्याच्या शेजारचा कारागीर पुढे गावी जातो आणि दोन वर्षांनी आजारी पडतो. "हा रोग कुणाकडून लागला?" असे विचारले, तर तो काय सांगणार?

जंतू शिरलेला प्रत्येक माणूस आजारी पडत नाही. शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू जणू झोपून राहतात. म्हणूनच माग काढणे अवघड असते.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात संशोधकांनी यावर एक उपाय केला. जसे माणसाच्या बोटांचे ठसे, तसे जंतूच्या डीएनएचेही ठसे असतात. १९९१ आणि १९९२ या वर्षांतील ४७३ रुग्णांच्या जंतूंचे ठसे त्यांनी ताडून पाहिले. त्यांपैकी १९१ जणांना अलीकडेच झालेल्या संसर्गातून रोग झाला असावा, असे दिसले. मात्र नेहमीची चौकशी करून यांतील फक्त दहा टक्के रुग्णांचे धागे जुळले होते! माणूस विसरतो, कधी लपवतो. कितीतरी अनोळखी लोकांबरोबर तो एकाच हवेत श्वास घेतो. जंतूला मात्र आपला ठसा लपवता येत नाही.

कधी हा माग माणसापाशी न थांबता इमारतीपाशी येतो. मुंबईत गोवंडी भागातील काही पुनर्वसन वसाहतींत इमारती अगदी जवळजवळ उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही. अशा घरांत क्षयरोगाचा धोका अधिक असतो, असे २०१८ मधील एका पाहणीत आढळले. मग सांगा, यात तिथे राहणाऱ्यांचा काय दोष?

तुमच्या घरी आरोग्यसेविका आल्या आणि "घरातल्या सर्वांची तपासणी करू या" म्हणाल्या, तर दार लावून घेऊ नका. त्या बदनामी करायला येत नाहीत. रोगाची साखळी तोडायला येतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नये. नाहीतर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

तो जरीचा कारागीर आठवा. पहिल्याच महिन्यात त्याने आपला खोकला सांगितला असता आणि मालकाने त्याला कामावरून न काढता दवाखान्यात नेले असते, तर? माग काढण्याची वेळच कदाचित आली नसती.

शब्दार्थ
माग – खुणांवरून घेतलेला शोध
संसर्ग – रोगाची लागण
ताडून पाहणे – एकमेकांशी जुळवून पाहणे
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे

स्वाध्याय
१. कारागिराने आपला खोकला का लपवला?
२. क्षयरोगाचा माग काढणे अवघड का असते?
३. तुमच्या वर्गात हवा खेळती राहावी म्हणून तुम्ही काय कराल? पाच वाक्ये लिहा.